मुख्य लक्षण

दिग्रस, ९ जुलै १९६६

चि. कुमुद,

तुझं पत्र मिळालं. गुरुजींनी डब्यातून चिठ्ठ्या उचलायला लावल्या आणि तुझ्या हाती सील आणि खार आली. इतर मुलींना गाय-म्हैस, वाघ-मांजर असं सोपं आलं म्हणून तू रडलीस, असं लिहिलं आहेस. गाय आणि म्हैस यांची तुलना करणं अवघड असतं. सारखं दिसतं त्यातला फरक शोधताना माणूस थकतो. तुझं काम त्या मानानं सोपं आहे.

गेल्या वर्षी जबलपूरला सर्कशीत तू सील पाहिलास म्हणतेस, नाकावर चेंडू तोलणारा. त्याला बाहेर आलेले छोटे कान होते का? पुढच्या पायांवर अंग उचलून तो चालत होता का? तसं असेल तर तो सील नव्हे, समुद्रसिंह. सीलला कानाची पाळी नसते, नुसतं भोक असतं, आणि जमिनीवर तो पोटावर सरकतो. म्हणजे तू सील पाहिलेला नाहीस. मीही पाहिलेला नाही. दिग्रसमध्ये कोणीच पाहिलेला नाही. लोक त्याला सीलमासा म्हणतात, पण तो मासा नाही. त्याला हवेत येऊन श्वास घ्यावा लागतो.

खार मात्र माझ्या शास्त्राच्या खोलीतच आहे. कपाटावर सस्तन प्राण्यांचा भिंतीवर टांगायचा तक्ता गुंडाळून ठेवलेला होता. जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा रुखमाबाई तो काढायला स्टुलावर चढल्या. रुखमाबाई आमच्या शाळेत शिपाई आहेत. घंटा देतात, वर्ग झाडतात आणि मला रागावतात. वरूनच म्हणाल्या, "बाई, तुमचा नक्शा गेला. खारीनं त्यात बिऱ्हाड केलं." गुंडाळीच्या आत कापूस होता. इथे जिनिंग कारखान्याच्या तारेच्या कुंपणाला अडकलेला कापूस वर्षभर निघत नाही, तो तिनं आणला होता. त्यात काथ्या होता, एका रिबिनीचा तुकडा होता आणि तक्त्याचा कुरतडलेला कागद होता. तक्त्याच्या खालच्या कडेला सील होता. त्याचं डोकं आता घरट्यात आहे.

तुलना अशी कर. दोघांचं रक्त उष्ण. दोघांच्या अंगावर केस. दोघांना फुप्फुसं. खारीला थंडीत केस पुरतात, सीलला केसांखाली चरबीचा जाड थर लागतो. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तिला सतत काही कुरतडावं लागतं. सीलचे दात निसटता मासा धरण्यासाठी असतात. सीलचा पुढचा पाय वल्ह्यासारखा दिसतो, पण आतली हाडं पाहिली तर बोटं पाच आहेत. खारीच्या पुढच्या पंजाला चार बोटं दिसतात, पाचव्याचा नुसता कोंब असतो. बाहेरून पाहून जे कळतं तेवढंच लिहू नये.

आता मुख्य लक्षण. सस्तन म्हणजे पिल्लाला अंगावर पाजणारा प्राणी. खार दोन महिने पाजते. घरटं धोक्यात आहे असं वाटलं तर एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. सीलची मादी बर्फावर किंवा खडकावर एकच पिल्लू देते. तिचं दूध साईसारखं घट्ट असतं. त्या दिवसांत ती स्वतः काही खात नाही. पिल्लू फुगत जातं, ती वाळत जाते. दोन-तीन आठवड्यांनी ती पाण्यात उतरते आणि पिल्लाकडे परत येत नाही. पिल्लू काही दिवस ओरडतं. मग ओरडणं थांबवतं, अंगातल्या चरबीवर राहतं आणि भूक असह्य झाली की स्वतःच पाण्यात जातं. त्याला कोणी पोहायला शिकवत नाही. आईला ते आठवतं की नाही, हे पुस्तकात दिलेलं नाही.

वेगळ्या कागदावर घरट्याचं चित्र काढलं आहे. चार पिल्लं आहेत. डोळे अजून मिटलेले आहेत म्हणून तसेच काढले.

आईला नमस्कार सांग.

तुझी
मावशी

·

दिग्रस, २३ जुलै १९६६

ताई,

कुमुदला लिहिलेलं पत्र तू परत पाठवलंस. चित्र तेवढं राहिलं, कारण ते तिनं आधीच उचललं होतं. समासात तू पेन्सिलीनं लिहिलं आहेस, दुधाचं काढून पुन्हा लिही. मी पुन्हा लिहीन.

मी मुद्दाम लिहिलं, असं तुला वाटतं. सीलबद्दल माझ्याकडच्या पुस्तकात तेवढंच आहे. कॉलेजातलं जुनं पुस्तक आहे, तुझ्या लग्नाच्या वर्षी घेतलेलं. त्यातलं मी मराठीत केलं. लिहिताना माझ्या मनात काही आलं नाही, हे तुला खरं वाटणार नाही. मी स्वतःही थांबून पाहिलं. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गावर तेच सांगितलं, तेव्हाही नाही.

आपल्यात ठरलेलं मी विसरलेली नाही. मी मावशी. वर्षातून चार-दोन पत्रं लिहावीत आणि ती आधी तू वाचावीस. भेट व्हावी ती लग्नकार्यात, माणसांत. तिला कधी सांगू नये. अनंत सॅनिटोरियममध्ये होते. क्षयाच्या घरात तान्हं मूल ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. मी तुला म्हटलं, हे बरे होईपर्यंत सांभाळ. तू म्हणालीस, "न्यायची तर कायमची, रत्ना. मला परत द्यायला जमणार नाही." तुझी तीन जन्मायच्या आधी गेली होती. मला ते समजलं. मुलगीही दत्तक घेता येते असा कायदा नुकता झाला होता, भाऊजींनी त्याचं कात्रण आणलं होतं. अनंतांनी खाटेवर बसून सही केली. मी तुझ्यासमोर केली. तू तिचं नाव बदललंस. मी ठेवलेलं नाव इथे लिहीत नाही.

तुला ठाऊक असलेलंच लिहिते आहे. नऊ वर्षांत आपण दोघी यातलं एक वाक्यही बोललो नाही. एकदा कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच.

अनंत गेले तेव्हा तू चौदाव्याला आलीस आणि तिला आणलं नाहीस. मी काही विचारलं नाही, त्याचं तुला नवल वाटलं असेल. मी त्याआधीच यवतमाळला एका वकिलांना विचारून आले होते. ते म्हणाले, दत्तक एकदा झालं की मोडत नाही. मी त्यांच्या बायकोनं दिलेला चहा घेतला आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले. त्यानंतर मला त्या बाबतीत काही विचारायचं उरलं नाही.

इथलं म्हणशील तर शाळा चालू आहे. काल खारीचं एक पिल्लू गुंडाळीतून घसरून जमिनीवर पडलं. मी उचललं. रुखमाबाई म्हणाल्या, "कायले उचलून राह्यल्या बाई? मानसाच्या हाताचा वास लागला का माय जवळ घेत नाई." मी त्यांना सांगितलं की याला शास्त्रात आधार नाही. "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. ठेवा त्याले खाली." मी ठेवलं नाही. फरशी गार होती. पिल्लू घरी आणलं आहे. बुटाच्या खोक्यात कापूस घातला आहे आणि निरांजनाच्या वातीनं गाईचं दूध पाजते. चोखतं.

शाळेच्या आवारातला मोगरा अजून फुलतो आहे. रुखमाबाई रोज ओंजळभर माझ्या टेबलावर ठेवतात. त्यांचं मन मोडायचं नाही म्हणून मी काही बोलत नाही. मला मोगऱ्याचा वास येत नाही. बाकी सगळे येतात, फोडणीचा, रॉकेलचा, पावसाचा. एवढाच येत नाही. डॉक्टरांना दाखवण्यासारखं काही नाही.

भाऊजींना नमस्कार.

रत्ना

·

दिग्रस, ३० जुलै १९६६

चि. कुमुद,

उत्तराला उशीर झाला. तुलनेचे मुद्दे खाली देते. यात तुझी वाक्यं घाल, माझी जशीच्या तशी उतरवू नकोस.

सील समुद्रात आणि किनाऱ्यावर राहतो, खार झाडावर आणि घरांच्या आढ्यात. दोघांचं रक्त उष्ण. दोघांना फुप्फुसं. सील श्वास रोखून बराच वेळ पाण्याखाली राहू शकतो. सीलला चरबीचा थर, खारीला दाट केस. सीलला कानाची पाळी नाही, खारीला आहे. सीलच्या पायांची वल्ही झाली आहेत, खारीच्या पायांना नख्या आहेत. सील मासे खातो. खार फळं, बिया, कोंब खाते, क्वचित किडे. खारीची शेपूट उडी मारताना तोल सांभाळते. सीलची शेपूट अगदी लहान, तिचा तसा उपयोग नाही.

एवढं पुरे व्हावं. सर्कशीतल्या प्राण्याचा उल्लेख करू नकोस, तो समुद्रसिंह होता.

खारीची तीन पिल्लं बरी आहेत. डोळे उघडले आहेत. मी खिडकीची एक काच काढून टाकली आहे, म्हणजे त्यांच्या आईला जायला-यायला वाट राहते. हेडबाई म्हणाल्या की पाऊस आत येतो. पाऊस आत येतो हे खरं आहे.

तुझी
मावशी

·

दिग्रस, २८ ऑगस्ट १९६६

ताई,

या पाकिटात कुमुदचं पत्र घातलं आहे. तिनं ते मैत्रिणीच्या भावाकडून टपालात टाकलं, तुझ्या हाताखालून आलं नाही. मी ते ठेवून घेऊ शकले असते. तू वाचावंस असं वाटलं म्हणून पाठवते. तिला रागावू नकोस. रागावायचंच असेल तर मला रागाव, तुलनेतला मुद्दा मी गाळला.

तू पाकीट उघडलंस आणि आतलं पत्र बाजूला ठेवलंस, असं होऊ नये म्हणून त्यातलं इथे उतरवते. "मावशी, मला दहापैकी चार मिळाले. गुरुजींनी लाल शाईनं लिहिलं, मुख्य लक्षण राहिले. सगळ्या मुलींनी दुधाचं लिहिलं होतं, त्या सिंधूनं पण लिहिलं, आणि तिला सस्तन शब्द नीट लिहिता पण येत नाही. तू शास्त्राची बाई आहेस, मग तू कशी विसरलीस? मी आईला विचारलं, आपण सस्तन आहोत ना. ती हो म्हणाली. मग मी तुझं दूध प्यायले का, असं तिला विचारलं, तर म्हणाली, तू डब्याचं प्यायलीस. आणि भाजी चिरत होती ती तशीच टाकून आत गेली. आई खोटं बोलते तेव्हा तिचे कान लाल होतात, तसे झाले होते. डब्याचं दूध पिऊन सस्तन होता येतं का? लवकर लिही. कुणाला सांगू नको."

कुणाला सांगू नको म्हणाली होती. मी तुला सांगितलं. हेही तिला नंतर कळेल.

मी तिला उत्तर लिहिलेलं नाही. तू सांगितल्याशिवाय लिहिणार नाही, कारण मी तसं कबूल केलं आहे. पण आता दूध वगळून मी तिला काही लिहिणार नाही. एकदा लिहिलं. ते पत्र टाकून आल्यावर मी वर्गावर गेले आणि मुलींना सस्तनाची व्याख्या विचारली. त्यांनी एका सुरात म्हटली. मी खडू हातात घेऊन उभी राहिले. राग नाही, रडू नाही. नुसतं कळलं की मुलींना येतं ते मी लिहिलं नाही.

तेव्हा तू ठरव. तिला खरं सांगायचं असेल तर सांगू. नसेल तर यापुढे माझी पत्रं तिला नकोत. मावशी फार कामात असते, असं सांग. मुलं विसरतात. तिनं विसरावं असं मला वाटतं की नाही, याचं उत्तर मला देता येत नाही. मी शोधलं. तिथे काही लागत नाही.

मी तुझ्यावर रुसलेली आहे असं तू भाऊजींजवळ म्हणतेस. यवतमाळच्या लग्नात वहिनींनी मला सांगितलं. मी रुसलेली नाही. तू तिला वेळच्या वेळी टोचून घेतलंस, गोवर निघाला तेव्हा पंधरवडाभर तिच्या उशाशी बसलीस, तिला दोन भाषा येतात, तिचं अक्षर माझ्या विद्यार्थिनींपेक्षा चांगलं आहे. हे सगळं मला दिसतं. त्याबद्दल मी कधी काही म्हटलं नाही, चांगलंही नाही. तेवढं माझं चुकलं असेल.

रत्ना

·

दिग्रस, १९ सप्टेंबर १९६६

ताई,

तुझं कार्ड मिळालं. कार्डावर उघडं लिहिलंस, म्हणजे पोस्टमननंही वाचलं असेल. हरकत नाही.

"जन्माचं मी सांगितलं. ती जेवली आणि अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला गेली. दुधाचं तू लिही. ते मला ठाऊक नाही."

मी ते कार्ड मधल्या सुट्टीत वाचलं. मग घंटा झाली. रुखमाबाईंनी विचारलं, "कोनाचा कागद आला बाई? बरं हाये ना सारं?" मी म्हटलं, बहिणीचं. त्या म्हणाल्या, "मंग असं तोंड काहून केलं?" मला माझं तोंड कसं झालं होतं ते माहीत नाही.

आज रात्री नको. उद्या सकाळी शाळेच्या आधी लिहीन. पत्र तुझ्या नावावर पाठवते, तिच्या नाही. तू आधी वाच. या वेळी काढायचं असेल तर काढ, पण मग तसं तिला सांगून काढ.

रत्ना

·

दिग्रस, २० सप्टेंबर १९६६

चि. कुमुद,

आधी गुरुजींचं. त्यांचं बरोबर आहे. मुख्य लक्षण राहिलं. चूक तुझी नाही. मी विसरले नव्हते. मी लिहिलं होतं आणि मग काढलं. चार गुण माझे आहेत.

आता तो मुद्दा लिहिते. सील आणि खार दोघीही पिल्लाला अंगावर पाजतात. खार बरेच दिवस पाजते आणि पिल्लांच्या जवळ राहते. सीलची मादी थोडे दिवस पाजते, दूध घट्ट असतं, मग ती निघून जाते. पिल्लू त्या थोड्या दिवसांच्या दुधावर पुढचे दिवस काढतं. इतकंच. पाजण्याचे दिवस कमी-जास्त असले तरी दोघी सस्तनच.

आता तू विचारलंस ते.

तू एप्रिलमध्ये यवतमाळला आजीच्या घरी जन्मलीस. आईनं तुला ते सांगितलं आहे. सव्वा महिना तू माझ्याजवळ होतीस आणि माझं दूध प्यायलीस. तुला उजवी बाजू आवडायची. पिता पिता झोपायचीस आणि ओढून घेतलं की डोळे न उघडता पुन्हा शोधायचीस. बाळंतिणीला अळिवाची खीर देतात, मला ती आवडत नसे, तरी खाल्ली. दूध भरपूर होतं.

सव्वा महिना झाल्यावर देवाला नेतात आणि मग बाळंतीण घराबाहेर पडते. त्या दिवशी तुला देवापुढे ठेवलं आणि मी तुला आईच्या ओटीत घातलं. तुझी आई म्हणजे जिला तू आई म्हणतेस ती. नारळासारखंच घालतात. ती दोन्ही हातांनी पदर धरून बसली होती. त्यांची गाडी दुपारची होती. निघताना तू झोपलेली होतीस, म्हणून रडलीस वगैरे काही नाही. तसं कुणी पुढे सांगितलं तर ते खरं नाही.

मूल नसलं तरी दूध येत राहतं. ते थांबावं म्हणून मोगऱ्याची फुलं छातीवर बांधतात. आजीनं ओल्या फडक्यात घालून बांधली. सकाळची संध्याकाळी बदलायची. फुलं तापायची, पिवळी पडायची. दहाबारा दिवसांत दूध गेलं. याला शास्त्रात आधार आहे की नाही ते मी शोधलेलं नाही. गेलं हे खरं.

त्यानंतर तू डब्याचं दूध प्यायलीस. तेव्हा आई खोटं बोलली नाही. तिनं अर्धं सांगितलं. कान लाल झाले असतील ते खोट्यानं नव्हेत. आणि डब्याचं दूध पिऊन मूल सस्तनच राहतं. दुधावरून ते बदलत नाही.

तुला आता तुलना करायला शिकवलं आहे, म्हणून तू करशील. मी सीलसारखी की खारीसारखी, असं. करू नकोस. मी माणूस आहे. तुझ्या वडिलांना, म्हणजे अनंतांना, छातीचा आजार होता. तो तुला लागू नये म्हणून तुला दिलं. हे कारण खरं आहे. हे एकच कारण होतं का, ते मी आज सांगू शकत नाही, कारण मला त्या वेळचं काही जाणवत नाही. झालेलं सगळं आठवतं. जाणवत नाही. हे दोन वेगळे आहेत, मोठेपणी कळेल.

आई कुणाला म्हणायचं हा प्रश्न परीक्षेत येत नाही. जिला म्हणतेस तिलाच म्हण. मला काय म्हणायचं ते तू ठरव. नाही लिहिलंस तरी चालेल.

रत्नप्रभा

·

दिग्रस, १६ ऑक्टोबर १९६६

चि. कुमुद,

तुझं पत्र आलं. मायना मी आधी वाचला. "प्रिय मावशी" असाच आहे. बरं.

दुधाबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मोगऱ्याबद्दलही नाही. शाळेत नाटक आहे, त्यात तू झाड झाली आहेस, आणि झाडाला एकही वाक्य नाही याचा तुला राग आहे, हे कळलं. मग खाली एवढंच विचारलं आहेस: "मावशी, चित्रात चार पिल्लं होती आणि नंतरच्या पत्रात तू तीन लिहिलीस. मी चित्र भिंतीला लावलं आहे म्हणून मला लगेच कळलं होतं. चौथं कुठे गेलं?"

चौथं जुलैमध्ये जमिनीवर पडलं. रुखमाबाई म्हणाल्या होत्या, हात लावू नका. मी उचललं आणि घरी आणलं. आधी ते वातीनं दूध चोखत होतं. मग त्याचं पोट फुगलं. मी दूध पातळ केलं, मग पुन्हा घट्ट केलं, कोमट केलं. खोक्याखाली गरम पाण्याची बाटली ठेवली. एके सकाळी ते निजलेलं होतं तसंच गार झालं होतं. शाळेत रुखमाबाईंना सांगितलं. त्या केर काढत होत्या, काढतच राहिल्या. मग म्हणाल्या, "थितीच ठेवाले पायजे होतं बाई. माय आलती न त्याची. तुमी गेल्यावर दोनदा आलती खाली, फरशीवर." त्यांनी मला हे आधी सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून, म्हणाल्या.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही. तुला मी तीन लिहिलं आणि पत्र टाकलं. काल तुझा प्रश्न वाचला आणि मी शास्त्राच्या खोलीत जाऊन, घरून तिथे आणून ठेवलेलं ते खोकं काढलं. कापूस तसाच आहे. वात वाळून कडक झाली आहे. मी बराच वेळ तिथे बसले. हेडबाईंनी विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, खारीचं पिल्लू मेलं. त्या म्हणाल्या, कधी? मी म्हटलं, जुलैत.

म्हणून आता मला एक गोष्ट हवी आहे आणि ती तुझ्या आईलाच माहीत आहे. तूसुद्धा पाव शेराची होतीस असं आजी थट्टेनं म्हणायची, इतकी लहान होतीस. तुझंही दूध एका दिवसात बदललं. एप्रिलात जन्मलेलं मूल, मे महिन्यातला प्रवास, जबलपूरचा उन्हाळा. तरी तू जगलीस. ताईनं ते कसं केलं? डब्याचं दूध किती पाण्यात कालवलं, पहिल्यांदा कशानं पाजलं, बाटलीनं की बोंडल्यानं, पोट फुगलं तेव्हा काय केलं, आणि तू शोधायला लागायचीस तेव्हा ती काय करायची. नऊ वर्षांत मी हे तिला एकदाही विचारलं नाही. तिला वाटलं मी रुसले. तसं नव्हतं. विचारायचं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर ऐकवलं नसतं.

तिच्याजवळ बस आणि विचार. ती उठून आत जाऊ लागली तर तिच्या मागे जा. ती सांगेल तसं तुझ्या अक्षरात लिही आणि मला पाठव. काही गाळू नकोस. तिचे कान लाल झाले तर तेही लिही.

तिन्ही पिल्लं गेली आहेत. आता ओळखता येत नाहीत, सगळ्या खारी सारख्याच दिसतात. तक्ता मी कपाटावर होता तिथेच ठेवला आहे आणि खिडकीची काच बसवलेली नाही.

मावशी